‘1050 टीआय’ म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड घेतलं. स्टिकर एनव्हिडियाच्या जीटीएक्स 1050 टीआयचं, खोकंही त्याचंच. आतली चिप मात्र 2010 सालच्या जीटीएस 450 ची. 768 कोअरऐवजी 192, मेमरी 4 जीबीऐवजी 1 जीबी. स्वस्तातल्या लिनक्स डेस्कटॉपसाठी जमवलेल्या पैशांपैकी 40 टक्के या भंगारात गेले. बायोसमधलं (कार्डात कायम भरलेल्या सॉफ्टवेअरमधलं) नाव बदलून जुनी कार्डं खपवायचा धंदा कुणाला माहीत नाही?

सगळ्यात संताप येतो तो त्या निळ्या पोर्टचा. कार्डाच्या पट्टीवर एचडीएमआयच्या शेजारी 15 पिनांचं व्हीजीए, ढळढळीत! अस्सल 1050 टीआय पास्कल पिढीचं, आणि त्या पिढीच्या चिपला व्हीजीएला लागणारं अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही. जाहिरातीच्या फोटोतही ते दिसत होतं. पण मॉनिटर जुना, व्हीजीएचाच, म्हणून ती सोय वाटली. कुणालाही वाटली असती. सहा पिनांचा पॉवर कनेक्टर होता, पण तो काही अस्सल कार्डांवरही असतो. त्यावरून काय ओळखणार?

एनव्हिडियाचा चालू ड्रायव्हर कार्डाला हात लावेना. जीटीएस 450 च्या फर्मी पिढीसाठी 390 ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, तीही 2022 अखेर बंद. विक्रेता म्हणे, “लिनक्समध्ये असंच होतं, कर्नल बदला.” कर्नल बदलून चिप बदलते का? नूवो या लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरवर बूट करून डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंद, बघा: तिथे ‘जीएफ106’ हे जीटीएस 450 च्या चिपचं नाव आलं. अस्सल असतं तर ‘जीपी107’ आलं असतं. ग्राफिक्सची क्षमता दाखवणाऱ्या वल्कनइन्फोमध्ये तर कार्डाचा पत्ताच नाही, नुसतं एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर.

डीमेसेजमधली ती ओळ तक्रार विभागाला पाठवली. उत्तर काय? टर्मिनलचा मजकूर पुरावा धरत नाही, विंडोजचा स्क्रीनशॉट द्या. दुसऱ्याच्या मशीनमध्ये कार्ड घालून तोही दिला. कार्ड ओळखणारं विंडोजचं जीपीयू-झेड 2018 पासून अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ लिहितं. मग म्हणाले, परतीची मुदत संपली. ती कुणी खाल्ली? बँक म्हणाली, वस्तू तर मिळाली ना. सायबर कक्षाचा पहिला प्रश्न, ओटीपी दिलात का? नाही? मग यात फसवणूक कसली!

खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढाच. कार्ड हातात पडल्या दिवशी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून) तपासा, बाकीचे पार्ट यायची वाट बघू नका. आणि जड गेम खेळायचे नसतील तर वेगळं कार्ड घेताच कशाला? ग्राफिक्स असलेला एएमडीचा प्रोसेसर घ्या, ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये आयता आहे. व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआयचा कन्व्हर्टर लावा, पण आत चिप असलेला. नुसत्या दोन टोकांच्या केबलवर चित्र येत नाही.