संबंधानंतर खाज-जळजळ आणि डोक्यात भीती: मेडिकल, लॅबचं पॅकेज, स्किनचा डॉक्टर की सरकारी क्लिनिक?

आधी घड्याळ बघा. कंडोम नव्हता किंवा फाटला, आणि अजून ७२ तास उलटले नसतील तर बाकी सगळं नंतर वाचा, आधी पेपची चौकशी करा. एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात त्या, जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढं बरं, ७२ तासांनंतर देत नाहीत. मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देतात तो विभाग), रात्र असेल तर कॅज्युअल्टी, नाहीतर एमडी फिजिशियन. काहीच सुचत नसेल तर १०९७ ला फोन लावा, ती सरकारी एड्स हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

ती वेळ निघून गेलीय आणि आता नुसती खाज, लाली, लघवीला थोडी जळजळ, आणि रात्रभर मोबाईलवर फोटो बघत बसणं चाललंय, अशांसाठी पुढचं.

मी मेडिकलच्या काउंटरला बसतो त्यामुळे पहिला पर्याय रोज समोर येतो. माणूस येतो, दुकानात बायका असतील तर साबणाच्या रॅकपाशी घुटमळतो, गर्दी गेली की हळूच म्हणतो, "खाजेवर एखादी स्ट्राँग ट्यूब द्या ना." कुठे खाज ते सांगत नाही, आपण समजायचं. आता ही स्ट्राँग ट्यूब म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं, दोन दिवसांत लाली उतरते म्हणून माणूस खूश, पण तिथली कातडी आधीच नाजूक, ती आणखी पातळ होते, बुरशी असेल तर ती आत पसरतच राहते आणि नंतर डॉक्टरकडे गेलात की मूळचं पुरळ काय होतं तेच ओळखू येत नाही. माझ्या दुकानातला धंदा असला तरी सांगतो, हा पर्याय नको. तोपर्यंत करायचंच असेल तर साबण, डेटॉल, सुगंधी वॉश सगळं बंद, साधं पाणी, कोरडं ठेवा, सुती चड्डी. भीतीपोटी दिवसातून पाच वेळा घासून धुणारे खूप आहेत आणि बऱ्याच जणांची जळजळ त्या धुण्याचीच असते.

दुसरं, लॅबचं पॅकेज. घरी येऊन सॅम्पल नेतात, कुणाला तोंड दाखवायला नको, म्हणून मोह होतो. पण यात दोन गोष्टी समजून घ्या. एक, पाचव्या दिवशी केलेली एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती फक्त आधीचं सांगते. लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट ४५ दिवसांनी भरवशाची, बोटातून रक्त घेऊन करतात ती रॅपिड टेस्ट तीन महिन्यांनी, सिफिलीस या गुप्तरोगाचंही शेवटचं उत्तर तीन महिन्यांनीच. गोनोरिया-क्लॅमिडिया या संबंधातून होणाऱ्या इन्फेक्शनची लघवीवरची पीसीआर दोन आठवड्यांनी करा, त्याआधी तासभर लघवीला जाऊ नका आणि पहिली धार द्या. दुसरं, पॅकेज कितीही महाग घ्या, ते खाज बघत नाही. कंडोमच्या लॅटेक्सची ॲलर्जी, जेलची रिॲक्शन, घासून झालेलं सोलवटणं, कँडिडा म्हणजे बुरशी, यातलं काही त्या रिपोर्टमध्ये येणारच नाही.

म्हणून खाज हा मुख्य त्रास असेल तर माझं मत सरळ स्किनच्या डॉक्टरकडे. पाटीवर त्वचा व गुप्तरोग लिहिलेलं असतं, डिग्री एमडी किंवा डीव्हीडी (त्वचा-गुप्तरोगाचा डिप्लोमा) बघून घ्या, लोकलमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवरचे 'गुप्तरोग तज्ज्ञ' नव्हे. डॉक्टर बघतो, लागलं तर स्वॅब घेतो, बऱ्याचदा पाच मिनिटांत विषय संपतो. पुढच्या कातडीला लाली, पांढरट थर, बारीक चिरा असतील तर शुगर तपासायला सांगतील, ती नक्की करा, कारण पुरुषांत डायबेटिसचा पत्ता कधीकधी असाच लागतो.

सरकारी सुरक्षा क्लिनिक म्हणजे गुप्तरोगाचा दवाखाना, आणि आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र, हे लोक विनाकारण टाळतात. सिव्हिल, मेडिकल कॉलेज इथे असतं, तपासणी आणि औषध फुकट, लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करड्या रंगाचं किट, जखमेला पांढरं, हर्पिसला लाल, असं ठरलेलं असतं. आधी समुपदेशक बोलतो, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय एचआयव्ही टेस्टही नाही आणि रिपोर्ट कुणाला सांगणंही नाही. रांग असते, अर्धा दिवस जातो, ओळखीचं कुणी भेटेल ही धाकधूक असते, तर शेजारच्या तालुक्याला जा. पू येतोय, न दुखणारी जखम आहे किंवा खिशात पैसे नाहीत तर मी इथेच पाठवेन. अंडकोष अचानक जोरात दुखायला लागला किंवा मागे गेलेली कातडी पुढे येईना तर मात्र तडक कॅज्युअल्टी.

आणि काहींचा आजार शरीराचा नसतोच. वेळेवर केलेल्या टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टरने बघून काही नाही सांगितलं, तरी दर आठवड्याला नवीन लॅब, टॉर्च लावून तपासणं, वजन करून बघणं. बघा, एचआयव्हीने तिथे खाज सुटत नाही, आणि ज्या जागेकडे सारखं लक्ष द्याल तिथे टोचल्यासारखं वाटणारच. अशा वेळी चौथी टेस्ट करण्यापेक्षा १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलतात. अपराधी वाटतंय, घरी सांगता येत नाही, हेही तिथे बोलता येतं. चिंतेवर औषध असतं, लागलं तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

लग्न झालेलं असेल तर शेवटची टेस्ट होईपर्यंत घरी कंडोम वापरा, आणि काही निघालंच तर बायकोचेही उपचार सोबतच करायचे असतात, नाहीतर तेच इन्फेक्शन परत तुमच्याकडे येतं.