जुना केग घ्यायचा, तर बॉल लॉक की पिन लॉक?

घरच्या बिअरसाठी स्वस्तात केग (बिअर गॅसच्या दाबाखाली ठेवायची टाकी) हवा असेल तर कोल्ड्रिंकवाल्यांचे जुने स्टीलचे केग बघा, साधारण १९ लिटरचे, पेप्सीचे बॉल लॉक आणि कोकाकोलाचे पिन लॉक, फरक फक्त नळीचा कनेक्टर केगच्या तोंडाला कसा अडकतो याचा आणि आकाराचा, बिअरला काय दोन्ही सारखेच.

पिन लॉक बुटका नि जाडा, कमी उंचीच्या फ्रिजमध्ये मस्त मावतो, शिवाय गॅसच्या तोंडाला २ पिना आणि बिअरच्या तोंडाला ३, म्हणजे कनेक्टर उलटे लागायचा प्रश्नच नाही. बॉल लॉकचे दोन्ही कनेक्टर दिसायला जवळपास सारखेच, चुकीचा जोर लावून बसवला की काढताना घाम फुटतो.

तरी माझं मत बॉल लॉकलाच! पार्ट सहज मिळतात, पोस्ट (कनेक्टर बसतो ते तोंड) साध्या पान्याने खुलते (पिन लॉकला खाचांचा वेगळा सॉकेट लागतो) आणि झाकणावर प्रेशर सोडायची रिंग असते, पिन लॉकच्या बऱ्याच झाकणांना ती नसतेच, मग प्रत्येक वेळी खटपट.

कुठलाही घ्या, रबरी ओ-रिंग सगळ्या बदलाच, नाहीतर बिअरला जुन्या कोल्ड्रिंकचा वास मारतो. आणि घेण्याआधी गॅस भरून झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की भाव पाडून मागा. दोन्ही प्रकार मात्र एकत्र ठेवू नका, कनेक्टरचा डबल खर्च होतो उगाच.