पहिली मोठी फँटसी कोणती घ्यावी: टॉल्किन, सँडरसन, ल ग्विन की मार्टिन?

सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्यात काय, वाचणाऱ्यांमध्ये इंग्रजी फँटसीचा, म्हणजे जादूच्या आणि कल्पित जगांच्या कादंबऱ्यांचा, विषय निघाला की चार नावं हमखास येतात. टॉल्किन, ब्रँडन सँडरसन, अर्सुला ल ग्विन आणि टीव्ही मालिकेमुळे घरोघरी पोचलेला जॉर्ज मार्टिन. जो तो आपला लेखक पुढे करतो. नवा वाचक मग त्यातलं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात जाड पुस्तक उचलतो, आणि दीडशेव्या पानाच्या आसपास त्याचं वाचन थांबतं.

दोष वाचकाचा नसतो, पुस्तकाचाही नसतो. या चारही लेखकांकडे एक अवघड टप्पा आहे आणि प्रत्येकाचा वेगळ्या ठिकाणी आहे. कोणाचा सुरुवातीलाच, कोणाचा दुसऱ्या खंडात, तर कोणाचा शेवटी, कारण शेवटच अजून आलेला नाही. आपल्याला कुठला टप्पा झेपेल हे पाहून निवड केली तर पुस्तक पूर्ण होतं. ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या वाचून तयार झालेला, इंग्रजी वाचता येतं पण अजून सरावाचं नाही, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे.

टॉल्किन: चढण सुरुवातीलाच

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये तीन खंडांत आलं. टॉल्किन ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवायचे. त्यांनी आधी भाषा रचल्या, लिप्या रचल्या, आणि त्या बोलणारी माणसं आणि त्यांचा इतिहास त्यातून वाढत गेला. पुस्तकाचं सामर्थ्य इथेच आहे आणि अडचणही इथेच.

पहिली अडचण म्हणजे प्रस्तावना. तिचे चार भाग आहेत: हॉबिट (गोष्टीतली बुटकी माणसं) कसे, त्यांची तंबाखू, त्यांच्या शायर या मुलखाचा कारभार, आणि जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते ती अंगठी कशी सापडली. आधीचं 'द हॉबिट' वाचलं नसेल तर चौथा भाग वाचलाच पाहिजे. मधले दोन खुशाल सोडा, कथेचं काही बिघडत नाही.

दुसरी अडचण वेग. चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला वाटतं, म्हाताऱ्या हॉबिट बिल्बोचा वाढदिवस झाला की नायक फ्रोडो अंगठी घेऊन लगेच निघणार. पुस्तकात मध्ये सतरा वर्षं जातात. निघाल्यावरही जुनं अरण्य, टॉम बॉम्बाडिलचं घर आणि थडग्यांच्या टेकड्या अशी तीन प्रकरणं येतात, जी चित्रपटात नाहीतच. वाचन सुटतं ते बहुतेक वेळा इथेच. इथे थोडा धीर धरायचा. ब्री गावातल्या खानावळीपासून गोष्ट पकड घेते आणि मग सोडत नाही. पुढे एल्राँडच्या सभेचं प्रकरण पुन्हा लांबलचक आहे, पण ते एका बैठकीत वाचा. तुकड्यातुकड्यांत वाचलं तर कोण कुठून आलाय याचा धागा हमखास सुटतो.

नावांकडे नीट लक्ष द्या. अंगठीचा दुष्ट मालक सॉरॉन आणि मांत्रिक सारुमान हे दोघे वेगळे आहेत, आणि इंग्रजीत भरभर वाचताना यांची गल्लत होतेच होते. एकाच माणसाला तीन-चार नावंही असतात. स्ट्रायडर तोच अरागॉर्न, मिथ्रँडिर म्हणजे मांत्रिक गँडाल्फ. ज्यानं महाभारत वाचताना पार्थ, धनंजय, सव्यसाची असं सगळं एकाच माणसाला लावलंय, त्याला हे जड जायचं कारण नाही. फक्त पहिल्या शंभर पानांत जवळ एक कागद ठेवून नावं लिहीत जा.

गाणी पुष्कळ आहेत आणि बरेच जण ती गाळतात. रिव्हेंडेलमध्ये बिल्बो म्हणतो ते लांब गाणं पहिल्या वाचनात गाळलं तरी चालेल. पण ब्रीमध्ये फ्रोडोला मिळणाऱ्या पत्रातली छोटी कविता गाळू नका, अरागॉर्न कोण हे तिच्यातच सांगितलंय. दुसऱ्या खंडात कथा दुभंगते. अर्धा खंड एका तुकडीचा आणि उरलेला अर्धा फक्त फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांचा. मधूनमधून दुसऱ्या बाजूची खबर मिळेल अशी वाट पाहू नका, ती मिळत नाही. तिसऱ्या खंडात मुख्य कामगिरीचा निकाल लागल्यावरही सहा प्रकरणं उरतात. ती वाचाच. घरी परतल्यावर काय झालेलं असतं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि माझ्या मते पुस्तकाचं मोठेपण त्याच पानांत आहे.

'द सिल्मारिलियन'नं सुरुवात कोणी सुचवली तर ऐकू नका. टॉल्किन गेल्यावर 1977 मध्ये त्यांच्या मुलानं संपादित केलेला तो पुराणकथांसारखा संग्रह आहे, त्याची गोडी नंतर लागते. इंग्रजीचा सराव कमी असेल तर 1937 चं 'द हॉबिट' आधी घ्या. एकोणीस प्रकरणं, सरळ गोष्ट, मुलांसाठी लिहिलेली.

सँडरसन: नियमांची जादू

'मिस्टबॉर्न'चं पहिलं पुस्तक 'द फायनल एम्पायर' 2006 चं. पुढची दोन 2007 आणि 2008 मध्ये आली, म्हणजे त्रयी पूर्ण आहे. इंग्रजी साधी, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. आकाशातून राख पडणारं शहर, हजार वर्षं राज्य करणारा सम्राट आणि त्याच्याविरुद्ध बेत आखणारी चोरांची टोळी. टोळीतल्या प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे पात्रं लक्षात ठेवायला त्रास होत नाही.

खरी मजा जादूच्या हिशेबात आहे. इथे मंत्र नाहीत. माणूस धातूचे कण पितो आणि पोटात ते 'जाळतो'. लोखंडानं धातूची वस्तू आपल्याकडे ओढता येते, पोलादानं दूर ढकलता येते. कथिलानं डोळे-कान तीक्ष्ण होतात, प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूनं अंगात बळ येतं. जस्त समोरच्याच्या भावना भडकवतं, पितळ त्या शांत करतं. तांबं लपवतं, कांसं हुडकून काढतं. ही जादू येणाऱ्या बहुतेकांना यातलं एकच साधतं, मिस्टबॉर्न म्हणवणाऱ्या मोजक्यांना सगळं.

यात वजनाचा नियम काटेकोर पाळलेला आहे. नाणं जमिनीवर टाकायचं आणि पोलाद जाळून त्याला खाली ढकलायचं. नाण्याला पुढे जायला जागा नाही, म्हणून ढकलणाराच वर उडतो. जड लोखंडी दाराला ढकललं तर दार जागच्या जागी राहतं आणि माणूस मागे फेकला जातो. पोटातला साठा संपला की सगळं संपलं. त्यामुळे मारामारी वाचताना आपणही मनात हिशेब मांडत असतो की नाणी किती उरली, छतावर धातू कुठे आहे. विज्ञान शाखेच्या मुलामुलींना हे पुस्तक चटकन आवडतं, त्याचं कारण हेच.

अडचण दुसऱ्या खंडात आहे. शहराला वेढा पडतो आणि राजकारणाच्या बैठका लांबत जातात. तिथे कंटाळा आला तरी सोडू नका, कारण तिसऱ्या खंडात पहिल्या पानापासून पेरलेल्या गोष्टींचा उलगडा होतो. म्हणूनच प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर छापलेल्या चार-पाच ओळी वगळू नका. सजावट समजून अनेक जण त्या उडी मारून पुढे जातात आणि शेवटी रहस्य उलगडतं तेव्हा गोंधळतात.

खरेदीतली चूक इथे फार होते. 'द अलॉय ऑफ लॉ' हेही 'मिस्टबॉर्न'च आहे, पण तीनशे वर्षांनंतरचं. ते आधी वाचलं तर पहिल्या त्रयीचा शेवट फुटतो.

आणि जे सँडरसनमध्ये मिळत नाही तेही सांगायला हवं. भाषेचं सौंदर्य नाही. एखादं वाक्य पुन्हा वाचावं असं फारसं होत नाही.

ल ग्विन: दोनशे पानांत पूर्ण

वाक्य पुन्हा वाचावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' आहे. 1968 चं, दहा प्रकरणं, साधारण दोनशे पानं. सांगलीहून पुण्याला जाऊन येईपर्यंत संपतं. बेटांचं जग, गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा गेड, जादूचं शिक्षण, आणि घमेंडीत त्यानं सोडलेली एक सावली जी त्याचा पाठलाग करते. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता येते, म्हणून माणसं आपलं खरं नाव फक्त विश्वासातल्यांना सांगतात. गेडचा रंग तांबूस-तपकिरी आहे. युरोपी राजपुत्रांनी भरलेल्या फँटसीत ल ग्विन यांनी हे मुद्दाम केलं होतं.

मोठ्या लढाया नाहीत, संवादही कमी. वर्षं दोन ओळींत निघून जातात आणि एखाद्या होडीच्या प्रवासावर पानंच्या पानं जातात. वेगवान घडामोडींची सवय असलेल्याला हे कोरडं वाटेल. दुसऱ्या पुस्तकात, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये, गेड बराच वेळ दिसतच नाही. तिथे नायिका टेनार आहे, आणि 'चुकीचं पुस्तक आलं की काय' असं वाटून काही जण ते परत करतात. परत करू नका. अंधाऱ्या भुयारांत हाताच्या स्पर्शानं वळणं मोजत जाणारी ती मुलगी तिन्ही पुस्तकांत सर्वांत जिवंत उतरली आहे. तिसरं 1972 मध्ये आलं आणि त्या तीनवर थांबलात तरी गोष्ट अपुरी वाटत नाही. चौथं 'तेहानू' 1990 चं, सूर अगदी वेगळा. ते चाळिशीच्या पुढच्या वाचकाला जास्त भिडेल.

मार्टिन: शेवट नसलेला वाडा

राजकारण, घराणी, फितुरी आणि तह यांत ज्यांना रस आहे, त्यांना 'अ गेम ऑफ थ्रोन्स' पहिल्या प्रकरणापासून धरून ठेवतं. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव असतं आणि ते प्रकरण त्याच्याच नजरेतून घडतं. पहिल्या पुस्तकात अशा आठ नजरा आहेत. प्रकरणं आटोपशीर असल्यानं रोज अर्धा तास वाचणाऱ्यालाही जमतं. नावं डोक्यावरून जायला लागली तर शेवटी घराण्यांच्या याद्या आहेत, पण त्या आधी वाचू नका. कोण कोणाचा कोण, यातली काही रहस्यंच आहेत.

मात्र 1996 ते 2011 मध्ये पाच पुस्तकं आली आणि सहावं अजून आलेलं नाही. चौथं आणि पाचवं बरंचसं एकाच काळातलं आहे, फक्त पात्रं वाटून घेतलेली. चौथ्यात टिरियनसारखं मुख्य पात्र सापडत नाही म्हणून चिडू नका. हिंसा आणि लैंगिक अत्याचाराची वर्णनं उघड आहेत, शाळकरी मुलांच्या हाती हे देऊ नये. अपूर्ण मालिकेची ज्यांना चुटपुट लागते त्यांनी इथे शिरूच नये.

आपल्याकडे येणाऱ्या ब्रिटिश आवृत्तीत तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन भागांत विभागलंय, म्हणून संच सात पुस्तकांचा दिसतो. सुटं घेताना 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स'चा पहिला भाग घ्यायचा राहून दुसराच हाती येतो. मुखपृष्ठावर भागाचा क्रमांक बघून घ्या.

मग घ्यायचं कोणतं

माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजीत मोठं पुस्तक पूर्ण करण्याची सवय नसेल तर 'मिस्टबॉर्न'. सवय आहे पण वेळ कमी असेल तर ल ग्विन. टॉल्किन दुसऱ्या क्रमांकावर वाचावं, कारण एक मालिका पार केल्याचा आत्मविश्वास असला की ती पहिली दीडशे पानं सहज चढता येतात. मार्टिन फक्त ऐतिहासिक कादंबरीच्या पक्क्या वाचकाला, आणि तोही वर सांगितलेलं मान्य असेल तर.

मराठीतूनच वाचायचं असेल तर टॉल्किनचा मराठी अनुवाद झालेला आहे, हॅरी पॉटर मराठीत आहे आणि अमीश यांची शिवत्रयीही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पॉटरची पहिली तीन द्या, चौथ्यापासून गोष्ट गडद होत जाते. अमीश यांची कथा वेगवान आहे, पण भाषा अगदी आजची, त्यामुळे पौराणिक भारदस्तपणाची अपेक्षा ठेवू नये. भिलारच्या पुस्तकांच्या गावाला जाणार असाल तर तिथला साठा मुख्यतः मराठी आहे, इंग्रजी मालिका शोधायला तिथे जाऊ नका.

नगर वाचनालयातून मालिका घेणार असाल तर पहिला खंड नेण्याआधी पुढचे खंड कपाटात आहेत का, हे ग्रंथपालांना विचारा. दुसरा खंड गहाळ असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

विकत घेताना टॉल्किनची एकखंडी आवृत्ती टाळा. हजाराहून जास्त पानांचं पुस्तक मध्यावर उघडलं की पुठ्ठ्याची शीर तडकते, आणि कृष्णाकाठच्या पावसाळी ओलीत डिंक सुटून पानं निघायला वेळ लागत नाही. तीन सुटे खंड हातातही नीट राहतात. रस्त्यावरच्या स्वस्त प्रतीत नकाशे गायब असतात किंवा इतके पुसट की एकही नाव लागत नाही, आणि टॉल्किन किंवा ल ग्विन नकाशाशिवाय वाचणं म्हणजे अर्धं वाचणं. पैसे देण्याआधी नकाशाचं पान उघडून त्यावरचं सगळ्यात बारीक नाव वाचता येतं का ते बघा, आणि मधल्या कुठल्याही पन्नास पानांचे क्रमांक सलग आहेत का तेही तपासा. फोनवर किंवा किंडलवर वाचणार असाल तर शब्दावर बोट ठेवताच अर्थ मिळतो ही मोठी सोय आहे, पण नकाशा तिथेही बारीक दिसतो. तो एका कागदावर छापून घ्या आणि खूण म्हणून पुस्तकात ठेवा.