व्हॉइस टीचर ट्रेनिंग: वर्ष होत आलं, आता सांगते घ्यावं की नाही

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून लिहितेय. मी शास्त्रीय गाण्यात विशारद, गोरेगावला घरीच गाण्याचा क्लास घेते, शाळकरी मुली जास्त, थोड्या नोकरीवाल्या बायका आणि एक रिटायर्ड काका. गेल्या पावसाळ्यात लंडनच्या एका संस्थेचा ऑनलाइन व्हॉइस टीचर ट्रेनिंगचा कोर्स सुरू केला, नाव मुद्दाम देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. कोर्स आहे गायकांना शिक्षक करण्यासाठीचा, तिथे तुम्हाला गाणं शिकवत नाहीत, समोरच्याचा गळा कसा ऐकायचा ते शिकवतात. हे आधी सांगितलेलं बरं, कारण आमच्या बॅचमधले दोघं आपलं गाणं सुधारेल म्हणून आले होते आणि वैतागून मध्येच सोडून गेले.

पहिला दणका बसला तो "पोटातून गा" ला. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय आणि पुढच्यांना सांगितलंय. हवा पोटात जातच नाही हो, ती फुफ्फुसातच जाते, फुफ्फुसांखालचा पडदा, डायफ्रॅम, खाली सरकतो म्हणून पोट पुढे येतं एवढंच. आणि डायफ्रॅम हा मुळात श्वास आत घ्यायचा स्नायू, गाताना हवा बेताबेताने सोडायचं काम पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. आता यावर कोणी म्हणेल की पूर्वीच्या लोकांना हे कुठे माहीत होतं, तरी गायलेच ना. गायले, पण त्यांच्यासमोर गुरू तासन्तास बसलेला असायचा. माझ्याकडची मुलगी आठवड्यातून एकदा येते, मग ट्यूशन, मग स्केटिंग. तिला "पोटातून गा" म्हटलं की ती पोट आत खेचून मान ताठ करते.

खरं सोनं मिळालं ते एका ठिकाणी. आठवीतली मुलगी, काळी पाचला गाते (म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा), भूप राग चाललाय. काळी पाचचा सा म्हणजे 233 हर्ट्झ, त्यामुळे पंचम, म्हणजे प, येतो 350 च्या आसपास. पाश्चात्य पद्धतीत बायकांच्या आवाजातला पहिला सांधा, जिथे छातीचा आवाज संपून दुसरा सुरू व्हायला बघतो, तो साधारण इथेच धरतात. आपल्या बहुतेक मुली काळी चार-पाचला बसतात, म्हणजे हा सांधा बरोब्बर पंचम-धैवताच्या तोंडाशी येतो! ही मुलगी ग प ध पर्यंत मस्त यायची आणि तार सा ला आवाज फाटायचा नाहीतर एकदम पातळ व्हायचा, आणि मी वर्षानुवर्षं सगळे सांगतात तेच सांगायचे, मोकळा सोड, घाबरू नकोस. कोर्समध्ये आमच्याकडून रेकॉर्डिंग परत परत ऐकून घेतात आणि विचारतात, नक्की काय ऐकू येतंय? हवा जास्त सुटतेय, का जबडा धरलाय, का व्होल्यूम कमी न करताच वर जातेय? ही तिसऱ्यातली निघाली. पंचमालाच आवाज थोडा हलका करायला लावला, 'आ'कार किंचित 'अ' कडे नेला, आणि प ते सां अशी मींड, म्हणजे न तोडता घसरत जाणं, स्ट्रॉमधून. सांधा अजून आहे, पण ती आता तिथे घाबरत नाही आणि मला कळतं की काय चाललंय.

स्ट्रॉचं थोडं सांगते कारण त्यावर सगळे हसतात. बारीक नळीतून 'उ' करत गायचं. तोंडाशी हवेला अडथळा आला की मागे थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलके टेकतात, म्हणजे कमी श्रमात गळा तापतो. इंगो टिट्झ नावाच्या अमेरिकन आवाज-शास्त्रज्ञाने हे फार प्रसिद्ध केलं. पाण्यात बुडवून बुडबुडे काढत पण करतात. पण मुंबईत आता सगळीकडे कागदी स्ट्रॉ, दोन मिनिटात लिबलिबीत होते आणि मुली ती चावतात. स्टीलची घ्या, बारीकातली.

आता तक्रारी. एक म्हणजे वेळ. लाइव्ह सेशन तिथे संध्याकाळी सहाला, आपल्याकडे रात्री साडेदहा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. साडेअकराला चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत लिप ट्रिल (ओठ फुरफुरवत गाणं) करून बघा, खालच्या काकू दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारतात, "बरं नाही का गं तुला?" दुसरं म्हणजे मीटिंग ऍप. त्यातलं नॉइज काढणारं सेटिंग तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजतं आणि गिळून टाकतं. म्हणजे मी तानपुऱ्यात गातेय आणि समोरच्या सरांना बिनतानपुऱ्याची एक बाई हवेत आलाप करताना ऐकू येतेय. आवाज जसाच्या तसा पाठवणारं ओरिजिनल साउंडचं सेटिंग शोधून काढल्यावर सुटलं, पण हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. फी पौंडात, वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकी चलनासाठी बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर जीएसटी, हे बजेटमध्ये धरा.

मोठी तक्रार वेगळीच आहे. उदाहरणं सगळी म्युझिकल थिएटर आणि पॉपची, पियानोवर स्केल. ते ठीक, समजून घेता येतं. पण त्यांचं एक तत्त्व आहे की शिक्षकाने सारखं गाऊन दाखवू नये, नाहीतर विद्यार्थी तुमचा आवाजच कॉपी करतो. अर्धं पटलं. मी खरंच बघितलंय, एकेका क्लासमधल्या सगळ्या मुली बाईंसारख्याच थोड्या नाकात गातात. पण ख्याल गायकीची तालीम म्हणजे समोर बसून घेणंच आहे, बाई गातात आणि तुम्ही म्हणता, गाण्यातली ती खास जागा नुसती सांगून येत नाही. हे मी असेसमेंटच्या वेळी बोलले तर समोरच्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि मार्क मात्र त्यांच्या पद्धतीने दिले. मी आता दोन्ही वेगळं ठेवते. बंदिश आणि आलाप म्हणजे गाऊन दाखवणार, आणि गळ्याचा व्यायाम असेल तर गप्प बसून ऐकणार. गप्प बसणं जास्त कठीण आहे.

आणि हो, हे सगळं परकं आहे असं समजू नका. गायक-गुरू बी. आर. देवधर मास्तरांनी 1925 साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं, आवाजाच्या शास्त्रावर त्यांनी केवढा विचार केला, पुढे संगीत अभ्यासक अशोक रानड्यांनी. कोर्सच्या वाचनात यांच्यापैकी कोणी नाही, पण आपल्या किती क्लासेसमध्ये यांची नावं घेतात? तिकडचा मान मॅन्युएल गार्सियाला, आणि तो रास्त आहे. 1854 मध्ये छोटा आरसा घशात धरून स्वतःचे स्वरतंतू बघितले ते या गाण्याच्या मास्तरने, डॉक्टर नव्हता.

एका भागासाठी मात्र पूर्ण पैसे वसूल, आपली हद्द कुठे संपते तो. माझ्याकडे येणाऱ्या एक ताई, दिवसभर कोचिंग क्लासमध्ये शिकवतात, आवाज बसलेला. त्या म्हणायच्या, "रियाज वाढवला की सुटेल." आधी मीही कदाचित ज्येष्ठमध, गरम पाणी, एवढ्यावर थांबले असते. कोर्समध्ये बजावून सांगतात की आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर गाणं बाजूला आणि आधी ईएनटी. पाठवलं. दुर्बिणीतून बघितलं तर दोन्ही स्वरतंतूंवर छोट्या गाठी. ऑपरेशन नाही लागलं, स्पीच थेरपी चालू आहे, आणि क्लासात माइक वापरायला लागल्या. ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबईत पालिकेच्या नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा विभाग आहे हे लक्षात ठेवा.

मग घ्यावं का? सध्या चार-पाच जण तरी शिकवत असाल तर घ्या, कारण प्रत्येक गोष्ट दुसऱ्या दिवशी कोणावर तरी करून बघावी लागते, नाहीतर नुसते व्हिडिओ बघून होतात. सर्टिफिकेटसाठी घेत असाल तर राहू द्या, इथे पालक ते विचारत नाहीत, ते विचारतात, "ताई, हिला गॅदरिंगपर्यंत गाणं बसेल ना?" भरती होण्याआधी त्यांना दोन गोष्टी ईमेलवर लिहून मागा: लाइव्ह सेशनची रेकॉर्डिंग किती दिवस बघता येतात, आणि असेसमेंटला तानपुऱ्यावर गाणारा विद्यार्थी चालतो का. मला दुसऱ्याचं उत्तर मिळायला फार वेळ लागला. चालतो.