लायब्ररी परीक्षणाला कुठे द्यावी: बूस्ट, आरओपनसाय की जॉस?

मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा खुला कोडसंच, लिहून झाली, कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर टाकली, काही जणांनी ती वापरायलाही घेतली आणि आता जाणकारांकडून तिचे रीतसर परीक्षण करून घ्यावे असे वाटू लागले, की लेखकापुढे साधारणपणे तीन नावे येतात. सी प्लस प्लससाठी बूस्ट, आर भाषेसाठी आरओपनसाय, आणि भाषा कोणतीही असली तरी संशोधनाला उपयोगी पडणारे सॉफ्टवेअर घेणारे ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’, म्हणजे जॉस. तिन्ही ठिकाणी परीक्षण सर्वांसमोर चालते, त्याची नोंद कायम राहते आणि लेखकाकडून कोणतेही शुल्क घेतले जात नाही. या साम्यामुळे तिन्ही एकाच कामाच्या तीन जागा आहेत असे वाटते, पण तसे नाही. बूस्टमध्ये मुख्य कस लागतो तो रचनेचा. आरओपनसायमध्ये पाहिले जाते ते हे, की पॅकेज (आरमध्ये लायब्ररीला हेच म्हणतात) परक्या माणसाला नीट वापरता आणि पुढे सांभाळता येईल की नाही. जॉसला खात्री करून घ्यायची असते, की साधन सांगितल्याप्रमाणे चालते आणि शोधनिबंधात त्याचा संदर्भ देता येतो. म्हणून निवड करण्यापूर्वी लेखकाने स्वतःला विचारावे, की आपल्या लायब्ररीचा इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी फंक्शने व त्यांची नावे, अजून बदलण्याची आपली तयारी आहे का. बाकीचे बरेचसे मुद्दे या उत्तरावरून आपोआप सुटतात.

बूस्टची परंपरा या तिघांत सर्वांत जुनी आहे. सी प्लस प्लस भाषेचे नियम ठरवणाऱ्या मानक समितीशी संबंधित मंडळींनी 1998 मध्ये तिचा पाया घातला, आणि समितीपुढे येणाऱ्या लायब्ऱ्या आधी प्रत्यक्ष वापरातून तावूनसुलाखून निघाव्यात हा हेतू सुरुवातीपासूनच होता. तो बऱ्याच अंशी सफल झाला. मानक समितीच्या ‘टीआर1’ या अहवालात बूस्टच्या दहा लायब्ऱ्या होत्या, आज प्रत्येक सी प्लस प्लस प्रोग्रॅमर वापरतो तो शेअर्ड पॉइंटर (मेमरी आपोआप मोकळी करणारे साधन) तिथूनच 2011 च्या मानकात आला, आणि फाइलसिस्टम, ऑप्शनल व व्हेरियंट या लायब्ऱ्यांनी 2017 च्या मानकापर्यंत तोच रस्ता धरला. इतक्या दूर जाऊ शकणाऱ्या लायब्ररीचे परीक्षण कडक असणे स्वाभाविक आहे.

ही प्रक्रिया अशी चालते. लेखक आधी मेलिंग लिस्टवर लायब्ररीची कल्पना मांडतो आणि लोकांना तिच्यात रस आहे का हे अजमावतो. पाठिंबा मिळाला की लायब्ररी परीक्षणाच्या रांगेत लागते, आणि त्यानंतर एक परीक्षण-व्यवस्थापक लागतो, जो लेखक स्वतः नसतो आणि ज्याला त्या विषयाची जाण असते. परीक्षण साधारण दहा दिवस चालते व त्यात कोणीही मत देऊ शकतो. परीक्षकांसाठी ठरावीक प्रश्न असतात: रचना कशी वाटली, अंमलबजावणी कशी आहे, डॉक्युमेंटेशन पुरेसे आहे का, लायब्ररी कितपत उपयोगी आहे, ती स्वतः वापरून पाहिली का आणि कोणत्या कंपाइलरवर. मला या यादीतले विशेष मोलाचे वाटतात ते शेवटचे प्रश्न. परीक्षणावर किती मेहनत घेतली, नुसती नजर टाकली, भरभर वाचले की खोलात जाऊन अभ्यास केला, आणि या विषयाचे आपल्याला ज्ञान आहे का, हे परीक्षकाने स्वतः सांगायचे असते. त्यामुळे लायब्ररी प्रत्यक्ष चालवून पाहणाऱ्याचे आक्षेप आणि वरवर वाचणाऱ्याची वाहवा व्यवस्थापकाला वेगवेगळ्या तराजूत घालता येतात. निर्णय मतांच्या बेरजेने होत नाही. व्यवस्थापक सर्व चर्चा वाचून स्वीकार, सशर्त स्वीकार किंवा नकार असा निर्णय देतो आणि त्याची कारणे लिहून कळवतो.

इथे नकार खरोखर मिळतो, आणि बूस्टकडे जाणाऱ्याने हे गृहीत धरूनच जावे. त्रुटी कळवण्याची वेगळी पद्धत देणाऱ्या ‘आउटकम’ या लायब्ररीचे उदाहरण घ्या. 2017 मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीचे परीक्षण झाले आणि ती नाकारली गेली. लेखकाने ती नव्याने, अधिक आटोपशीर स्वरूपात लिहिली. जानेवारी 2018 मध्ये तिचे दुसरे परीक्षण झाले, या वेळी सशर्त स्वीकार मिळाला, आणि 2019 च्या एप्रिलमधल्या 1.70 या आवृत्तीत ती बूस्टचा भाग झाली. पहिल्या नकाराकडे कोणी अपयश म्हणून पाहील, पण दुसरी आवृत्ती त्या नकाराशिवाय तशी झालीच नसती असे मला वाटते. इंटरफेस पक्का होण्यापूर्वी जाणकारांची इतकी सविस्तर, उलटसुलट आणि लेखी चर्चा मिळण्याची सोय मुक्तस्रोताच्या जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. व्यवस्थापक मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि स्वीकारानंतरचे कामही लांबू शकते. आज नेटवर्किंगसाठी सर्वत्र वापरली जाणारी ‘एसिओ’ 2005 च्या डिसेंबरमध्ये परीक्षणाला आली, पण बूस्टच्या आवृत्तीत दाखल झाली ती 2008 मध्ये. ‘लॉग’ या लायब्ररीचे परीक्षण 2010 मध्ये झाले आणि ती 2013 च्या 1.54 मध्ये आली. उलट ‘बीस्ट’चे परीक्षण 2017 च्या जुलैमध्ये होऊन त्याच वर्षी डिसेंबरच्या 1.66 मध्ये ती समाविष्ट झाली, म्हणजे अटी थोड्या असल्या आणि लेखक तयारीत असला तर काम लवकरही होते. तरीही सहा महिन्यांत कुठेतरी प्रमाणपत्र दाखवायचे असेल, तर बूस्टच्या वाटेला जाऊ नये. शिवाय स्वीकारानंतर लायब्ररीला बूस्टच्या नामपद्धतीत, चाचणीव्यवस्थेत आणि आवृत्त्यांच्या वेळापत्रकात नांदावे लागते, आणि ती जबाबदारी वर्षानुवर्षांची असते.

आरओपनसायचा स्वभाव वेगळा आहे. ही संस्था 2011 पासून आर भाषेत खुल्या विज्ञानासाठी साधने घडवत आली आहे, आणि तिचे सॉफ्टवेअर परीक्षण 2015 पासून चालू आहे. इथे लेखक गिटहबवर इश्यू, म्हणजे चर्चेची जाहीर नोंद, उघडून पॅकेज सादर करतो. एक संपादक प्राथमिक तपासणी करतो आणि सर्वसाधारणपणे दोन परीक्षक नेमतो, ज्यांना तीन आठवडे दिले जातात. परीक्षक खुणा करायच्या चौकटींची यादी भरतात: पॅकेज कशासाठी आहे हे स्पष्ट लिहिले आहे का, स्थापना विनाअडथळा होते का, बाहेर उघड केलेल्या प्रत्येक फंक्शनला मदतपान आणि उदाहरण आहे का, स्वयंचलित चाचण्या कोडचा महत्त्वाचा भाग व्यापतात का. चाचण्यांची व्याप्ती 75 टक्क्यांखाली असेल तर ती वाढवण्याची सूचना येईल असे धरून चालावे. त्यानंतर परीक्षक मोकळेपणाने सविस्तर अभिप्राय लिहितो, आणि त्यासाठी किती तास दिले हेही नोंदवतो.

वातावरणातला फरक इथेच जाणवतो. बूस्टमध्ये लेखक आपल्या रचनेचा बचाव करायला उभा राहतो, तर इथे दोन परीक्षक आणि संपादक त्याच्या शेजारी बसून पॅकेज सुधारतात. चर्चा सहसा स्वीकारापर्यंत नेण्याच्या हेतूनेच चालते. स्वीकार झाल्यावर परीक्षकांची नावे, त्यांची संमती असेल तर, पॅकेजची माहिती देणाऱ्या डिस्क्रिप्शन फाइलमध्ये लेखकांच्या यादीतच ‘रेव्ह’ (परीक्षक) या भूमिकेसह लिहिली जातात. ही बाब दिसायला लहान असली तरी मला ती फार न्याय्य वाटते, कारण एरवी परीक्षकाची मेहनत कुठेच दिसत नाही, आणि इथे पॅकेज जिथे जाईल तिथे ती सोबत जाते.

मर्यादा दोन आहेत. पहिली व्याप्तीची. माहिती मिळवणे, तिचे रूपांतर करणे, भौगोलिक माहिती हाताळणे, मजकुराचे विश्लेषण, संशोधनाचा कार्यप्रवाह स्वयंचलित करणे अशा ठरावीक वर्गांतच पॅकेज बसावे लागते. सांख्यिकी पद्धतींच्या पॅकेजसाठी पुढे स्वतंत्र मार्ग सुरू झाला असून त्यात कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा श्रेणी दिल्या जातात. शंका असल्यास सादर करण्यापूर्वी चौकशीचा इश्यू उघडता येतो आणि तो जरूर उघडावा, कारण व्याप्तीबाहेरच्या पॅकेजवर महिनाभर घासूनपुसून तयारी करणे व्यर्थ जाते. दुसरी मर्यादा मालकीच्या भावनेची. स्वीकारानंतर पॅकेजचे रेपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, आरओपनसायच्या गिटहब खात्यात हलवले जाते. लेखकाचे अधिकार राहतात आणि देखभालही तोच करतो, पण ज्यांच्या संस्थेला किंवा मार्गदर्शकाला कोड स्वतःच्या खात्यातच हवा असतो, त्यांनी हे आधी बोलून घ्यावे. पायथनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी याच धर्तीवर पायओपनसाय आहे. तिथे रेपॉझिटरी हलवावे लागत नाही, मात्र किमान दोन वर्षे देखभाल करण्याची तयारी लेखकाने दाखवावी लागते.

जॉस 2016 मध्ये सुरू झाले, आणि त्यामागची अडचण संशोधकांच्या चांगली ओळखीची आहे. वर्षभर राबून केलेल्या सॉफ्टवेअरला पदोन्नतीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात कोठे बसवायचे हे कळत नाही, कारण तिथे निबंध मोजले जातात. जॉस त्या सॉफ्टवेअरवरचा छोटा निबंध प्रकाशित करते, त्याला डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक, देते, आणि परीक्षण मात्र मुख्यतः सॉफ्टवेअरचेच करते. लेखकाकडून शुल्क न घेणारे परीक्षित नियतकालिक ही गोष्ट आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या विभागांसाठी किती मोलाची आहे, हे प्रकाशनशुल्काची तजवीज करावी लागलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

परीक्षण इथेही गिटहबवरच्या इश्यूत, चौकटींच्या यादीवर होते. परवाना, स्थापना, कार्यक्षमतेबद्दल केलेले दावे, हे साधन का हवे याचे निवेदन, वापराची उदाहरणे, चाचण्या, आणि मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन, असे मुद्दे परीक्षक एकेक तपासतो आणि अडले तिथे लेखकाच्या रेपॉझिटरीत इश्यू उघडतो. शेवटी लेखक आवृत्तीला टॅग (ओळखखूण) लावतो, तीच आवृत्ती झेनोडोसारख्या कायमस्वरूपी संग्रहात ठेवतो, आणि मगच निबंध प्रकाशित होतो. त्यामुळे दहा वर्षांनी कोणी तो संदर्भ उघडला तर परीक्षण झालेला कोड नेमका कोणता हे सापडते. सॉफ्टवेअर क्रांतिकारक आहे का, हा प्रश्न जॉस विचारत नाही. मात्र त्यामागे पुरेसे अभ्यासपूर्ण श्रम असावेत अशी अपेक्षा असते, आणि शेकड्यांत मोजता येतील इतक्या ओळींचा कोड असेल तर संपादक सुरुवातीलाच थांबवू शकतात. नकार येतो तो बहुधा इथेच, परीक्षण सुरू होण्यापूर्वी.

जॉसबद्दल माझी तक्रार नसली तरी सावधगिरीची एक सूचना आहे. इंटरफेसची नावे, फंक्शनांची विभागणी, त्रुटी कळवण्याची पद्धत यांवर तिथे खोल चर्चा होईलच असे नाही. चांगला परीक्षक मिळाला तर होते, पण यादी ती मागत नाही. ज्याला रचनेबद्दल मनातून शंका आहे, त्याने सर्व चौकटींवर खुणा झाल्या म्हणून ती शंका मिटली असे समजू नये.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. सी प्लस प्लसमध्ये सर्वसाधारण उपयोगाची लायब्ररी असेल, तिचे वापरकर्ते अजून थोडे असतील आणि मोडतोड करून पुन्हा बांधण्याची तयारी असेल, तर बूस्टला पर्याय नाही. तिथे नकार मिळाला तरी मिळालेली चर्चा लेखकाच्या पदरात राहते. त्याच लायब्ररीवर मोठा प्रकल्प आधीच उभा असेल आणि इंटरफेस बदलणे अशक्य असेल, तर बूस्टकडे जाण्यात कोणाचेच भले नाही, कारण परीक्षकांचे श्रम न स्वीकारता येणाऱ्या सूचनांवर खर्च होतील. आरमध्ये संशोधनासाठी पॅकेज लिहिणाऱ्याने व्याप्तीत बसत असल्यास आरओपनसायलाच पहिली पसंती द्यावी, विशेषतः एकट्याने काम करणाऱ्याने, कारण त्याचा कोड बारकाईने वाचणारे दुसरे कोणी सहसा नसते. ज्याला येत्या वर्षात प्रकाशन हवे आहे, किंवा ज्याचे सॉफ्टवेअर ज्यूलिया, फोर्ट्रान अशा भाषेत आहे, त्याने सरळ जॉसकडे जावे.

दोन ठिकाणी जायचे असेल तर क्रम महत्त्वाचा ठरतो. आरओपनसाय किंवा पायओपनसायमध्ये स्वीकारलेले आणि जॉसच्या व्याप्तीत बसणारे पॅकेज जॉसकडे नेले, तर जॉस ते परीक्षण मान्य करते आणि मुख्यतः निबंधापुरती तपासणी उरते. उलट क्रमाने गेल्यास ही सवलत मिळत नाही आणि तेच काम दोनदा होते.

परवान्याचा निर्णय मात्र कोठेही जाण्यापूर्वी घ्यावा. बूस्टला स्वतःचा बूस्ट सॉफ्टवेअर परवाना अपेक्षित असतो, ज्यात कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमसोबत परवान्याचा मजकूर जोडण्याची सक्ती नाही, आणि जीपीएल (बदललेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा परवाना) याखालचा कोड तिथे चालत नाही. जॉसला ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेला कोणताही परवाना पुरतो, आणि आरच्या जगात जीपीएल सर्रास चालतो. कोडमध्ये अनेकांचा हातभार लागल्यानंतर परवाना बदलायचा तर साधारणपणे प्रत्येकाची संमती लागते, म्हणून रेपॉझिटरीत पहिली बाहेरची भर पडण्याआधीच हे ठरलेले असावे.