आठ महिने, सात केग आणि एक नालायक झाकण

चार जुलैची दुपार. अंगणात पंधरा माणसं, ग्रिलवर कणसं, आणि नळ उघडला तर दोन थेंब हिरवट पाणी आणि मग नुसतं फुस्स. घरी बनवलेल्या बिअरचा १९ लिटरचा केग, म्हणजे स्टीलचं पिंप, काठोकाठ भरलेला, थंडगार, पण बिअर बाहेर यायला तयार नाही. गॅस बंद केला, प्रेशर सोडलं, पाना लावून पोस्ट, म्हणजे केगवरचा नळाची जोडणी बसते तो तोटा, काढला. बेसिनच्या जाळीत चहाची पावडर अडकते ना, तसा आतल्या पॉपेटच्या, म्हणजे छोट्या झडपेच्या, स्प्रिंगला हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा चिकटलेला. तोवर पाहुण्यांनी दुकानातले कॅन फोडले होते.

हे हॉप्स ज्या नळीत भरून बिअरमध्ये सोडले होते, ती कोणती ते सांगतो: जाळीची, स्टीलची, ३०० मायक्रॉनची, साखळीने केगमध्ये टांगायची. जानेवारीत २५ डॉलरला घेतली. सिएटलमध्ये राहून हॉप्सबद्दल कुरकुर करणं म्हणजे नाशकात राहून द्राक्षांबद्दल करण्यासारखंच आहे. हॉप्स पिकवणारं याकिमाचं खोरं इथून अडीच तासांवर. पण मी गोळ्याच वापरतो, फ्रीझरमध्ये जागा कमी लागते. गोळी म्हणजे दळून दाबलेला हॉप. बिअरमध्ये पडली की थोड्याच वेळात तिचं पीठ होतं, आणि हे पीठ आवरण्यासाठीच तर नळी घेतली.

पहिले चार केग उत्तम गेले. दीड-दोन औंस हॉप्स, तीन दिवस, बिअर स्वच्छ. मी मित्रांना शिफारसही करून टाकली. पाचव्यात हौसेने सिट्रा जातीचा हॉप चार औंस कोंबला. तोच हा चार जुलैचा केग. नळी बाहेर काढली तर झाकण निघून केगच्या तळाशी. ते नुसतं दाबून बसवायचं आहे. आटे नाहीत, खटका नाही, काही नाही. अडीच रुपयांच्या डब्यालाही याहून बरं झाकण असतं!

विक्रेत्याला तीन ईमेल, सहा फोटो. उत्तर आलं: तुम्ही जास्त भरलंत. सोबत पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचं कूपन. म्हणजे हेच झाकण पुन्हा घ्या!

रागाच्या भरात मापी भांड्यात पाणी घेऊन त्यात एक औंस गोळ्या भिजवल्या. सकाळी पाहिलं तर त्या फुगून तिप्पट तरी झाल्या होत्या. साबुदाणा भिजवताना पातेलं मोठं घ्यायचं हे ज्या माणसाला कळतं, त्याला हे का कळू नये? तर विक्रेत्याचं निम्मं खरं होतं. शिवाय त्या गच्च नळीतला मधला गोळा अजून कोरडा, फिकट, आणि सिट्राचा वास तसाच आत कोंडलेला. बिअरला तो मिळालाच नाही. नळी अर्धीही भरू नये, हे मान्य. पण गोळ्या फुगणार हे विक्रेत्याला माहीत होतं, तर झाकणाला खटका का नाही? हा मुद्दा मी सोडणार नाही.

साखळीसाठी नळीला दोन भोकं आहेत. त्यांतून स्टीलची तार ओढून झाकणावर आडवी आवळली. खर्च एक डॉलर. त्यानंतरच्या दोन केगमध्ये झाकण हललं नाही. बारीक धूळ तरीही जाळीतून येतेच. तिला इलाज थंडीचा. केग दोन दिवस एक-दोन अंशांवर ठेवायचा, न हलवता, आणि पहिला ग्लास ओतून द्यायचा. खरं तर जाळीपेक्षा हीच गोष्ट जास्त काम करते, आणि फुकट. तळाऐवजी वरून बिअर ओढणारी तरंगती नळीही मिळते, पण आधी या २५ डॉलरची वसुली होऊ दे.

माझं मत आता दोन ताऱ्यांवरून साडेतीनवर आलंय. अर्धा तारा तारेचा.

नळीत दोनच औंस मावतात, म्हणून सातव्या केगला बायकोचं श्रीखंडाचं फडकं दहा मिनिटं उकळून घेतलं आणि उरलेले दोन औंस त्यात बांधून, वजनाला आत स्टीलचा चमचा टाकून सोडले. फडक्याने जाळीपेक्षा जास्त गाळ धरला. पण ते हिरवं झालं ते झालंच, आणि चक्का टांगायला नवीन आणावं लागलं, १२ डॉलरचं. हे बारा नळीच्या हिशोबात धरायचे की माझ्या, यावर घरात अजून एकमत नाही.