फ्लॅटमधला स्मार्ट ट्रेनर: ११ महिन्यांच्या वापरानंतर

स्मार्ट ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागेवर बसवून चालवायचं, अॅपशी जोडलं जाणारं यंत्र. तो घ्यायचं ठरलं ते पावसाळ्यात. नवऱ्याची हिंजवडीत रात्रपाळी, तो पहाटे चारला येऊन झोपतो. लेक सात वर्षांची, तिला घरी एकटी जागी ठेवून बाहेर पडता येत नाही. मला सरावाला मिळतो तो पहाटे पाच ते सहाचा तास. त्या वेळी एनडीए रोडला सायकल काढली तर पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि एकदा मी त्यात पडलेही होते. डिसेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची होती. तिची मुदत साडेतेरा तासांची, म्हणजे वेग फार नको, पण पाय सलग चालले पाहिजेत. बजेट ४०,००० च्या आत. राहायला कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली एक काकू-काका राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

आधी मैत्रिणीचा व्हील-ऑन ट्रेनर दोन आठवडे आणून पाहिला. यात मागचं चाक काढायचं नसतं, टायर एका रोलरवर घासून फिरतो. स्वस्त असतो आणि सायकल दोन मिनिटांत लागते. पण माझ्या हायब्रिड सायकलच्या नक्षीदार टायरने मिक्सरसारखा आवाज केला. ट्रेनरसाठीचा गुळगुळीत टायर लावल्यावर आवाज उतरला, तरी शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होईल इतका उरलाच. शिवाय जोर लावला की टायर घसरतो, हवा कमी-जास्त झाली की वॉटचे, म्हणजे पायाच्या ताकदीचे, आकडे बदलतात, आणि लादीवर रबराची काळी भुकटी पडते. ज्यांचं घर तळमजल्यावर आहे आणि जे महिन्यातून चार वेळा चालवणार, त्यांनी तोच घ्यावा. माझं त्यात भागणार नव्हतं.

म्हणून डायरेक्ट ड्राइव्ह. यात मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (दातेरी चकत्यांच्या संचावर) बसवतात. टायरच नाही, त्यामुळे टायरचा आवाज नाही. नवा घेणं परवडेना, म्हणून वर्षभर वापरलेला एक ३२,००० ला घेतला. त्यावर कॅसेटचे १,८०० आणि मॅटचे १,५००. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी एकच नग वापरलाय, आणि त्याला नंतर जे झालं ते एका नगावरून साऱ्या कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता आवाजाबद्दल, कारण मला खरं लिहायचंय ते याच्याबद्दल. ट्रेनरच्या जाहिरातीत डेसिबलचा जो आकडा असतो तो हवेतून येणाऱ्या आवाजाचा. तो खरोखर कमी आहे. माझ्या घरात पंख्याचा आवाज ट्रेनरपेक्षा मोठा येतो आणि भिंतीपलीकडे नवरा निवांत झोपतो. मी खूश होते. आठव्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, पहाटे उठून जातं ओढतेस की काय? आमचा पलंग घुमतो."

मला फार वाईट वाटलं. आठ दिवस त्या बिचाऱ्या काही बोलल्या नव्हत्या. रविवारी नवऱ्याला सायकलवर बसवलं आणि मी खाली काकूंच्या बेडरूममध्ये जाऊन पलंगावर डोकं टेकवून ऐकलं. वर ज्याचा मागमूस नव्हता ती घरघर खाली स्पष्ट होती. हवेतून काहीच येत नव्हतं, सगळं येत होतं स्लॅबमधून. पेडल मारताना फ्रेम डुलते, ट्रेनरमधलं जड फिरतं चाक (फ्लायव्हील) थरथरतं, ते ट्रेनरच्या पायांतून लादीत उतरतं. पातळ योगा मॅट हा थरथराट अडवत नाही, ती फक्त घाम अडवते.

मग चार गोष्टी एकेक करून बदलल्या आणि दर वेळी खाली जाऊन ऐकलं. पहिली, जागा. ट्रेनर खोलीच्या मधोमध होता, आणि स्लॅब मध्यावरच सगळ्यात जास्त हलतो. तो कोपऱ्यात, कॉलमजवळ सरकवला. एक पैसा न घालवता बराच फरक पडला. दुसरी, १८ मिमीचा प्लायवूड आणि त्याखाली वॉशिंग मशीनच्या पायांखाली लावतात ते रबरी गट्टू. सहा गट्टू घेतले, त्यांतले चार मागे, कारण बहुतेक वजन मागेच असतं. तिसरी, पुढच्या चाकाखाली जाड रबराचा तुकडा.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. ईआरजी मोडमध्ये ट्रेनर रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) स्वतः सांभाळतो. १५० वॉट ठरवले की गिअर कुठलाही असो, १५० च लागतात. मग मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चकतीवर) फ्लायव्हील गरागरा फिरवायचं कशाला? लहान चेनरिंग आणि मागे मधली चकती असं ठेवलं की फ्लायव्हील हळू फिरतं आणि घरघर निम्म्याहून खाली येते. पायाला थोडं चढावर असल्यासारखं जड लागतं, पण सिंहगड चढायची तयारी करणाऱ्याला ते चांगलंच. या चौथ्या बदलानंतर काकू म्हणाल्या, "आता मुद्दाम कान दिला तरच." तरी मी साडेपाचच्या आधी जोराचे स्प्रिंट मारत नाही.

आता विश्वासार्हतेचं. काही महिन्यांनी पेडल मारताना खर्रखर्र यायला लागली. साखळी धुतली, थ्रू-अॅक्सल (चाकाच्या जागेतला आरपार दांडा) घट्ट केला, कॅसेटची लॉकरिंग तपासली, आवाज तसाच. सर्व्हिसला फोन केला तर अख्खा ट्रेनर खोक्यात घालून दुसऱ्या शहरात पाठवा म्हणाले, महिनाभर तरी लागेल. १७ किलोचं धूड, मूळ खोकं नाही, आणि बीआरएम पाच आठवड्यांवर. मी माझ्या सायकलवाल्या दादांकडे नेला. त्यांनी कव्हर उघडून बेल्ट काढला आणि नुसता दांडा हाताने फिरवला, तर एक बेअरिंग गेलेलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन मी नाना पेठेत गेले, अर्ध्या तासात चांगल्या कंपनीचं बेअरिंग हातात. मजुरीसकट ६५० रुपये. वॉरंटी असेल तर असं उघडू नका, माझी संपलेली होती. पण तेव्हापासून मी विश्वासार्ह कशाला म्हणायचं ते ठरवलंय: जो ट्रेनर पुण्यातला मेकॅनिक उघडू शकतो आणि ज्याचे बेल्ट-बेअरिंग बाजारात मिळतात, तो.

कनेक्शनने सुरुवातीला रडवलं. मध्येच वॉट शून्य व्हायचे. कारण साधं निघालं. फोनमधलं ट्रेनरचं अॅप मागे चालू राहायचं आणि ब्लूटूथ आधीच पकडून बसायचं, मग लॅपटॉपला ट्रेनर सापडायचा नाही. सरावाआधी फोनचं ब्लूटूथ बंद केलं की झालं. अँट प्लसचा (ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी जोडणीचा) डोंगल वापरत असाल तर तो यूएसबीच्या लांब वायरने ट्रेनरजवळ आणा.

आकड्यांच्या मागे लागून पैसे घालवू नका. २००० वॉटचा ट्रेनर आणि ६०० वॉटचा ट्रेनर यांत माझ्यासारखीला फरक नाही, माझा तासभराचा सराव १३० ते १८० वॉटमध्ये होतो. चढाच्या टक्क्यांचंही तसंच. झ्विफ्टमध्ये (पडद्यावरच्या आभासी रस्त्यावर सायकल चालवायच्या अॅपमध्ये) ट्रेनर डिफिकल्टी नावाची सेटिंग मुळात ५० टक्क्यांवर असते, म्हणजे पडद्यावरचा १० टक्क्यांचा चढ पायाला पाचाचा लागतो. अचूकता अडीच टक्के असली तर १६० वॉटला चार वॉटचा फरक. चालेल. रोज तोच आकडा त्याच कष्टाला यायला हवा, हे महत्त्वाचं. त्यासाठी दर पंधरवड्याला, दहा मिनिटं गरम झाल्यावर, स्पिनडाउन करते, म्हणजे ट्रेनरचं मोजमाप परत जुळवून घेते.

झ्विफ्टचे महिन्याला २० डॉलर मला जड जातात, म्हणून मायवूश वापरते. ते फुकट आहे आणि सरावाच्या योजना भरपूर आहेत.

पंख्याला मात्र कंजुषी नको. शरीर एक भाग ताकद पेडलला देतं तेव्हा साधारण तीन-चार भाग उष्णता होऊन बाहेर पडते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, खोलीत ती अंगावरच साठते. एप्रिलमध्ये पहाटेसुद्धा खाली घामाचं तळं होतं. छतावरचा पंखा पुरत नाही, समोर उभा पंखा हवा. हँडलवर टॉवेल टाकाच. घामाने माझ्या स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट गंजले, ते मला पाचव्या महिन्यात दिसले. सायकल डिस्क ब्रेकची असेल तर मागच्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड असतात त्या भागात) प्लास्टिकची पट्टी अडकवून ठेवा. लेकीने सहज ब्रेक दाबला आणि मधे डिस्क नसल्याने पॅड आत येऊन चिकटले, तो दिवस त्यातच गेला.

एक पुण्याची अडचण. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि माझा ट्रेनर विजेशिवाय नुसता मोकळा फिरतो. इन्व्हर्टरवर तो चालतो, पंखाही चालतो, तेवढं प्लग पॉइंट कुठल्या लाइनवर आहे ते बघून ठेवा.

बीआरएम डिसेंबरात झाली, १२ तास १० मिनिटांत. शेवटच्या ४० किलोमीटरला पाठ दुखली, पाय नाही दुखले. ट्रेनरवर एकाच बैठकीत बसून पाठ तयार होत नाही, म्हणून आता रविवारी बाहेरही जाते.

जुना ट्रेनर घेणार असाल तर स्वतःची सायकल घेऊन विक्रेत्याच्या घरी जा. तुमचा अॅक्सल क्विक रिलीजचा की थ्रू-अॅक्सल, त्याचे अडॅप्टर खोक्यात आहेत का ते पाहा. ११ स्पीडच्या फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर बसते त्या भागावर) ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसवायला १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतो, तो मागून घ्या. साखळी न लावता फ्लायव्हील हाताने फिरवा आणि कान जवळ न्या. एकसारखी सूं येते का, की मध्ये कुठे टकटक आहे, ते ऐका. मग १५ मिनिटं चालवा, गरम झाल्यावर परत ऐका. मी त्या दिवशी हे केलं नव्हतं. केलं असतं तर ते बेअरिंग तिथेच ऐकू आलं असतं.